दोष रक्ताचा की सूत्राचा?

आपल्या भाषेने रक्तावर फार मोठा भार टाकलेला आहे. नाते जवळचे असले की ते ‘रक्ताचे’ होते. घराण्याचा गुण सांगायचा झाला की तो ‘रक्तातच असावा लागतो’. कष्ट करणाऱ्याच्या रक्ताचे पाणी होते आणि अपमान झालेल्याचे रक्त उसळते. मराठी शिकविण्यात वीस वर्षे गेल्यामुळे अशा शब्दप्रयोगांकडे माझे लक्ष जरा अधिकच जाते. माणसाचे कुळ, शील आणि भविष्य आपण शोधतो ते रक्तातच! तेव्हा वैद्यकाने ‘रक्तगट’ हा नवा शब्द हाती देताच आपण तो पत्रिकेला जोडून टाकला यात नवल ते काय? वधूवर-सूचक मंडळाचा अर्ज पाहा. गोत्र, गण, नाडी यांच्या पंगतीला ‘रक्तगट’ हाही रकाना बसलेला दिसतो. दोघांचा गट एकच निघाला तर ‘एकनाडी’चा दोष लागल्यासारखे चेहरे करणारी चांगली शिकलेली माणसे मी पाहिली आहेत. वास्तविक एकच गट असल्याने संसाराला काडीचाही अपाय होत नाही. आई ‘आर-एच’ निगेटिव्ह व बाप पॉझिटिव्ह असल्यास डॉक्टरांना आधी सांगून ठेवावे लागते एवढेच. आणि त्यावरही इंजेक्शन आहे.

पण रक्तगटाविषयीचे कुतूहल लग्नापाशीच थांबत नाही. ‘अमक्या गटाच्या बाईला कर्करोग लवकर होतो म्हणतात, खरे का?’ असा प्रश्न मला माझ्या विद्यार्थिनींनी विचारलेला आहे, आणि तोही बायकांच्या त्या रोगाविषयी, ज्याचे नाव घेताना आपला आवाज आपोआप खाली येतो. गर्भाशयाच्या मुखाचा कर्करोग. आपल्या आया-आज्या त्याला ‘पिशवीचा रोग’ म्हणत. सन २०२२ मध्ये भारतात या रोगाच्या सव्वा लाखाहून अधिक नव्या रुग्ण झाल्या आणि सुमारे ऐंशी हजार बायका त्याने गेल्या, असा आंतरराष्ट्रीय अंदाज आहे. मी वैद्य नव्हे. परंतु प्रश्न विचारणाऱ्या मुलीला ‘डॉक्टरांना विचार’ म्हणून वाटेला लावणे मला प्रशस्त वाटले नाही. म्हणून वाचले, जाणकारांना विचारले, आणि जे हाती आले ते येथे मांडीत आहे.

रक्तगटाची पत्रिका

रक्तगटांचा शोध व्हिएन्ना शहरात कार्ल लँडस्टायनर या शास्त्रज्ञाने १९०१ साली प्रसिद्ध केला. एकाचे रक्त दुसऱ्याच्या रक्तात मिसळले असता कधी ते सुखाने नांदते, तर कधी त्याच्या गुठळ्या होतात, याचे कारण त्याने शोधून काढले. तांबड्या पेशींच्या अंगावर साखरेच्या जातीच्या काही खुणा असतात. ज्याच्या पेशीवर ‘ए’ची खूण तो ए गटाचा, ‘बी’ची असेल तो बी गटाचा, दोन्ही असतील तो एबी आणि दोन्ही नसतील तो ओ. १९३० साली लँडस्टायनरला नोबेल पारितोषिक मिळाले.

या खुणा रक्तातच नव्हे, तर शरीराच्या इतर अनेक पेशींवरही असतात. मग त्यांचा रोगांशी काही संबंध असेल काय? १९५३ साली एअर्ड, बेंटॉल आणि रॉबर्ट्स या तिघांनी इंग्लंडातील रुग्णांचे आकडे मांडून दाखविले, की जठराचा कर्करोग ए गटाच्या माणसांत इतरांपेक्षा थोडा अधिक आढळतो. हा ‘थोडा’ म्हणजे साधारण वीस टक्क्यांनी जास्त. झाले! जगभरच्या इस्पितळांत रुग्णांचे गट मोजण्याची लाटच आली. जठराचा संबंध पुढेही टिकून राहिला, आणि स्वादुपिंडाच्या कर्करोगातही ओ गटाच्या माणसांना किंचित सूट मिळते असे अलीकडे दिसले आहे. गर्भाशयमुखाच्या बाबतीत मात्र एका गावचे आकडे दुसऱ्या गावाशी जुळेनात. कोणाला ए गट जास्त दिसला, कोणाला दुसराच, तर कोणाला काहीच फरक दिसला नाही.

असे का व्हावे? याचे उत्तर समजून घ्यायला आपली मुंबई फार सोयीची आहे. डॉ. वसंत रामजी खानोलकर आणि डॉ. संघवी यांनी मुंबईतील सहा जाती-जमातींची, म्हणजे आपापसातच लग्ने करणाऱ्या समूहांची, रक्तगटासारखी आनुवंशिक लक्षणे तपासून १९४९ साली निबंध प्रसिद्ध केला. एकाच शहरात, एकाच हवापाण्यात राहणाऱ्या या समूहांत रक्तगटांचे प्रमाण वेगवेगळे होते. पुढे १९५२ साली याच शहरात डॉ. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांना असे रक्त सापडले, की ज्याला ओ गटाचे रक्तही चालत नाही. आज साऱ्या जगात त्या गटाला ‘बॉम्बे’ असेच नाव आहे. शहराचे नाव बदलले, रक्तगटाचे मात्र तेच राहिले!

आता गंमत पाहा. मुंबईच्या पारशी समाजात गर्भाशयमुखाचा कर्करोग कमी आणि स्तनाचा अधिक, असे १९६३ साली सुरू झालेल्या मुंबईच्या कर्करोग-नोंदणीतून दिसून आले. पारशी समाजात मुलींची लग्ने उशिरा होत, मुले थोडी होत. समजा, एखाद्याने इस्पितळातल्या रुग्ण बायकांचे गट मोजले आणि त्यांची तुलना पारशी वस्तीतल्या निरोगी बायकांशी केली, तर त्याला रक्तगटांत फरक दिसणारच. पण तो रोगाचा फरक नसेल. तो समाजासमाजांतला फरक असेल. गटाला उगाच दोष लागेल आणि खरे कारण बाजूलाच राहील. आमच्या गावी विहीर आटली की तिच्याकाठच्या पिंपळावरच्या मुंजाला बोल लावीत, तसलाच हा प्रकार.

तेव्हा पहिल्या प्रश्नाचे उत्तर स्पष्ट आहे. आपला गट कोणताही असो, या रोगाच्या बाबतीत त्याने भिण्याचे कारण नाही, आणि निर्धास्त होण्याचेही नाही.

व्हेरोनातील मृत्यूंच्या नोंदी

खऱ्या कारणाचा पहिला माग फार जुना आहे. इटलीतील व्हेरोना शहरात रिगोनी-स्टर्न नावाचा एक डॉक्टर होता. त्याने १७६० ते १८३९ या ऐंशी वर्षांतील मृत्यूंच्या नोंदी चाळल्या आणि १८४२ साली आपले निष्कर्ष सांगितले. गर्भाशयाच्या कर्करोगाने मरणाऱ्यांत विवाहित स्त्रिया पुष्कळ होत्या. मठातील जोगिणी जवळजवळ नव्हत्याच. त्या काळी जंतूंचे शास्त्रही जन्माला यायचे होते. परंतु नोंदी नीट ठेवल्या आणि त्या चिकाटीने वाचल्या, म्हणजे कारकुनी वहीसुद्धा कशी बोलू लागते याचे हे सुरेख उदाहरण आहे. रोगाचा संबंध वैवाहिक जीवनाशी आहे, म्हणजेच काहीतरी एकाकडून दुसऱ्याकडे जाते, हे त्या वहीने सुचविले होते.

ते ‘काहीतरी’ नेमके हाती लागायला पुढे एकशे चाळीस वर्षे जावी लागली. हॅराल्ड त्सुर हाउझेन या जर्मन शास्त्रज्ञाच्या गटाने १९८३ साली गर्भाशयमुखाच्या कर्करोगातून एक विषाणू वेगळा काढला आणि पुढच्याच वर्षी दुसरा. मानवी पॅपिलोमा विषाणू, म्हणजेच ‘एचपीव्ही’च्या मोठ्या कुटुंबातले हे सोळावा आणि अठरावा असे दोन भाऊ. या रोगाच्या शंभरांपैकी सुमारे सत्तर रुग्णांत या दोघांपैकी कोणीतरी असतोच. सुरुवातीला त्सुर हाउझेन यांचे म्हणणे फारसे कोणी मनावर घेतले नव्हते. २००८ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

येथे एक गोष्ट बजावून सांगायला हवी. हा विषाणू अतिशय सर्वसाधारण आहे. संसार करणाऱ्या बहुतेक स्त्री-पुरुषांना तो आयुष्यात केव्हा ना केव्हा भेटून जातो, आणि दहांपैकी नऊ जणींचे शरीर एक-दोन वर्षांत त्याला आपणच हाकलून देते. तेव्हा तो आढळला म्हणून कोणाच्या चारित्र्यावर शिंतोडे उडविणे हा निव्वळ अडाणीपणा होय. एकच पती आणि एकच संसार केलेल्या साध्वी स्त्रीलाही हा रोग होतो. चारचौघांत ही गोष्ट बोलली जात नाही, म्हणूनच पुष्कळ बायका दुखणे अंगावर काढतात.

सूत्र तुटते कसे?

विषाणू आत आला, पुढे काय? येथे दुसरा शब्द येतो: गुणसूत्र. पाश्चात्त्यांनी १८८८ साली या वस्तूला ‘रंगीत काया’ अशा अर्थाचे ग्रीक नाव दिले, कारण रंग घातला की ती सूक्ष्मदर्शकाखाली उठून दिसे. आपल्याकडे आधी ‘रंगसूत्र’ म्हणत. पुढे ‘गुणसूत्र’ रूढ झाले, आणि मला ते अधिक आवडते. ज्यात गुण ओवलेले असतात ते सूत्र! प्रत्येक पेशीत अशी ४६ सूत्रे असतात. हा आकडासुद्धा १९५६ सालापर्यंत शास्त्रज्ञांनाही नीट ठाऊक नव्हता. ते ४८ धरून चालले होते. आपला ए-बी-ओ गटही यांपैकी नवव्या क्रमांकाच्या सूत्रावर लिहिलेला असतो.

कर्करोगाचे मूळ या सूत्रांच्या गोंधळात असावे, असे थिओडोर बोव्हेरी या जर्मन शास्त्रज्ञाने १९१४ सालीच लिहून ठेवले होते. समुद्रातल्या साळूसारख्या काटेरी प्राण्याच्या अंड्यांवर प्रयोग करताना, सूत्रांची वाटणी चुकली की पेशींची वाढ बिघडते, असे त्याच्या ध्यानात आले. त्याचे म्हणणे पटायला अर्धे शतक लागले.

याचा सर्वांत प्रसिद्ध पुरावा एका दुर्दैवी स्त्रीच्या देहातून आला. अमेरिकेत बाल्टिमोर येथे हेन्रिएटा लॅक्स या काळ्या वर्णाच्या, पाच मुलांच्या आईला १९५१ साली हाच रोग झाला आणि त्याच वर्षाच्या ४ ऑक्टोबरला, वयाच्या एकतिसाव्या वर्षी, ती वारली. तिच्या गाठीतल्या पेशी मात्र प्रयोगशाळेत वाढतच राहिल्या. आजही वाढत आहेत. पोलिओच्या लशीची परीक्षा त्यांच्यावर झाली. त्यांतून पुष्कळांनी पैसा मिळविला, पण त्यासाठी तिला कोणी विचारले नव्हते, आणि घरच्यांना ही गोष्ट कळायलाही वीसेक वर्षे लागली. त्या पेशींत ४६ ऐवजी पाऊणशेहून अधिक गुणसूत्रे आढळतात. अठरावा विषाणू तिच्या आठव्या गुणसूत्रात, पेशीला वाढीचा हुकूम देणाऱ्या एका जनुकाच्या शेजारी, ठाण मांडून बसलेला सापडला.

विषाणूची चाल अशी आहे. प्रत्येक पेशीत दोन पहारेकरी असतात. एक, सूत्राला इजा झाली तर पेशीला थांबवितो, आणि दुरुस्ती होत नसेल तर तिला मरायला लावतो. दुसरा, गरज नसताना पेशीचे विभाजन होऊ देत नाही. हा विषाणू दोन प्रथिने तयार करतो. एक पहिल्या पहारेकऱ्याचा नाश करवते, दुसरे दुसऱ्याला जखडून ठेवते. पहारा उठला की पेशी बेबंद वाढू लागतात, आणि दर विभाजनात सूत्रांची वाटणी थोडी थोडी चुकत जाते. एखादे तुटते, एखादे दुप्पट होते. तिसऱ्या गुणसूत्राच्या लांब भागाच्या जादा प्रती होणे हा या रोगात वारंवार दिसणारा बदल आहे. चोर एकदाच घरात शिरला, पण त्याने कुलपेच मोडून ठेवली, तसे हे होते.

‘माझ्या मुलीला होईल का?’

ओळखीच्या एका घरी मुलीचे लग्न ठरता ठरता मोडले. आई याच रोगाने गेलेली. ‘त्यांच्या रक्तातच आहे’ असे मध्यस्थाने सांगितले, आणि वरपक्षाने पत्रिका परत पाठविली. मुलगी शिकलेली, कमावती. लग्न मोडल्याचे दुःख तिने पचविले. पण ‘आईचे सूत्र माझ्यातही आले असेल’ हा घोर तिला लागून राहिला. तिच्यासाठी पुढील दोन वाक्ये मी मुद्दाम सावकाश लिहिते.

गुणसूत्रांतले हे बदल रोगट पेशींपुरतेच असतात. ते बाईच्या सर्व शरीरात नसतात. बीजपेशीत ते नसतात, म्हणून ते बाळाकडे जातही नाहीत. आईकडून ज्या सदोष जनुकाचा वारसा येऊ शकतो असा स्तनाच्या कर्करोगाचा एक प्रकार आहे. हा रोग त्या जातीचा नव्हे. आई किंवा बहीण आजारी असल्यास शक्यता किंचित वाढते हे खरे, कारण विषाणूशी लढण्याची ताकद काही अंशी जन्मजात असते. परंतु तेवढ्याने कोणाच्या कपाळी काही लिहिले जात नाही. धूम्रपान, पुष्कळ बाळंतपणे, एचआयव्हीने खचलेली प्रतिकारशक्ती आणि आयुष्यात एकदाही तपासणी न होणे, ही खरी भिण्याची कारणे आहेत.

काळ आपल्या बाजूचा

या रोगाची एक गोष्ट मात्र आपल्या फायद्याची आहे. तो घाई करीत नाही. विषाणू ठाण मांडून बसल्यापासून कर्करोग होईपर्यंत साधारण पंधरा-वीस वर्षे जातात. तेवढ्या काळात गर्भाशयमुखावरच्या पेशी आपली कहाणी सांगत असतात, ऐकणारा हवा.

जॉर्ज पापानिकोलाउ या ग्रीक माणसाने ती ऐकली. तो १९१३ साली न्यूयॉर्कला आला तेव्हा पोटासाठी काही दिवस त्याने गालिचे विकले. पुढे प्रयोगशाळेत काम मिळाले, आणि पेशींचे नमुने देण्यासाठी त्याची स्वतःची पत्नी वर्षानुवर्षे पुढे होत राहिली. १९२८ साली त्याने आपला शोध मांडला, तेव्हा विद्वानांनी तिकडे लक्ष दिले नाही. पंधरा वर्षांनी त्याचा ग्रंथ निघाला आणि ‘पॅप’ चाचणी जगभर गेली. ज्या देशांनी ती नेमाने केली, तेथे हा रोग झपाट्याने ओसरला.

आपल्याकडे खेड्यापाड्यांत सूक्ष्मदर्शक आणि तज्ज्ञ कोठून आणायचे? याचे उत्तर महाराष्ट्रानेच शोधले. परळच्या टाटा रुग्णालयाने १९९८ पासून मुंबईच्या झोपडपट्ट्यांत सुमारे दीड लाख बायकांवर मोठा अभ्यास केला. दहावीपर्यंत शिकलेल्या आरोग्यसेविकांना शिकवून तयार केले. गर्भाशयमुखाला सौम्य ॲसेटिक ॲसिड, म्हणजे आपल्या शिरक्यातले द्रव्य, लावायचे आणि मिनिटभर थांबायचे. बिघडलेल्या पेशींची जागा पांढरी पडते. तपासणी झालेल्या गटात या रोगाचे मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले, असे २०१३ साली जाहीर झाले. तुलनेसाठी तपासणीविना ठेवलेल्या बायकांचे काय, असा सवाल टीकाकारांनी केला, आणि तो सवाल रास्त होता.

दुसरा अभ्यास तेव्हाच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यातला. बार्शीच्या कर्करोग रुग्णालयाने तेथे गावोगावच्या १,३१,७४६ बायका अभ्यासात घेतल्या. एका गटाची विषाणूसाठी एकदाच तपासणी केली आणि बिघाड दिसला तेथे उपचार केले. आठ वर्षांत या गटात ३४ बायका या रोगाने दगावल्या. जवळजवळ तेवढ्याच मोठ्या, नेहमीच्या व्यवस्थेवर सोडलेल्या गटात ६४. आयुष्यात एकच तपासणी आणि मृत्यू निम्म्यावर! पॅप किंवा ॲसिडच्या एकाच तपासणीने मात्र त्या अभ्यासात असा गुण आला नाही. त्या तपासण्या पुन्हा पुन्हा कराव्या लागतात. २००९ साली हा निष्कर्ष प्रसिद्ध झाला आणि साऱ्या जगाने त्याची दखल घेतली. दुष्काळासाठीच वर्तमानपत्रात येणाऱ्या त्या मुलखातल्या बायकांनी जगाला हे शिकविले, याचा आपल्याला अभिमान वाटायला हवा.

आणि लस?

विषाणूचे कवच तेवढे प्रयोगशाळेत तयार करायचे आणि आतला दाणा रिकामा ठेवायचा, ही युक्ती १९९१ साली ऑस्ट्रेलियात इयन फ्रेझर आणि जियान झोऊ यांनी साधली. शरीर कवच ओळखून सावध होते. आत काहीच नसल्याने रोग होत नाही. २००६ पासून लस मिळू लागली. झोऊ ते पाहायला राहिला नव्हता. सतरा वर्षांच्या आत लस घेतलेल्या स्वीडनमधील मुलींत या रोगाचे प्रमाण ८८ टक्क्यांनी कमी आढळले, असे २०२० साली प्रसिद्ध झाले. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटच्या स्वदेशी लशीला २०२२ साली परवानगी मिळाली.

एकाच मात्रेची गोष्टही आपल्या देशातली. येथे चाललेला एक अभ्यास २०१० साली मध्येच थांबला आणि हजारो मुलींना एकच मात्रा मिळाली. काम फसले असे वाटले. पण दहा वर्षांनी पाहिले, तर त्या मुलींचेही उत्तम रक्षण झालेले होते. या आणि अशा पुराव्यांवरून जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ साली एक मात्राही पुरेशी धरण्यास मान्यता दिली. लस नऊ ते चौदा वर्षांच्या वयात, विषाणूची गाठ पडण्यापूर्वी, द्यायची असते. पुढे तपासणी करावी लागतेच.

बोलायचे कोणी?

शास्त्राने आपले काम पुष्कळसे केले आहे. उरलेले काम भाषेचे आहे, म्हणून त्यात मला नाक खुपसण्याचा हक्क आहे. पाळीच्या मधेच रक्त जाणे, संबंधानंतर रक्त जाणे, पाळी गेल्यावर पुन्हा अंगावर जाणे, दुर्गंधीयुक्त पांढरे जाणे, ही या रोगाची लक्षणे. यांतले एकही वाक्य आपल्या घरांत मोठ्याने उच्चारले जात नाही. सासू सुनेला सांगत नाही, सून नवऱ्याला सांगत नाही, आणि नवरा विचारीत नाही. ‘बायकांचे काहीतरी’ या दोन शब्दांत सारे गुंडाळले जाते. डॉक्टरांपुढे बसली तरी ती ‘अशक्तपणा आहे’ एवढेच म्हणते आणि टॉनिकची बाटली घेऊन परत येते.

सुश्रुताने गाठीला ‘अर्बुद’ म्हटले, ग्रीकांनी खेकडा म्हटले, आपण त्यावरून ‘कर्करोग’ म्हणतो. दुखण्याला नाव दिले म्हणजे निम्मी भीती पळते, हा माणसाचा जुना अनुभव आहे. या दिवाळीत फराळाची ताटे भरताना घरातल्या तीस ते पासष्ट वर्षांच्या प्रत्येक बाईला एवढेच विचारा: ‘तुमची तपासणी कधी झाली होती?’ उत्तर बहुधा ‘कधीच नाही’ असे येईल. मग भाऊबीजेच्या ओवाळणीत साडीबरोबर तालुक्याच्या दवाखान्याची एक फेरीही असू द्या. आणि पुतणी-भाची नऊ वर्षांची झाली असेल, तर तिच्या लशीची चौकशी करा. तिचा रक्तगट अर्जाच्या रकान्यात लिहून ठेवा, वेळप्रसंगी रक्त द्यायला-घ्यायला तो उपयोगी पडेल. तिचे भविष्य मात्र त्यात शोधू नका.